उरलेली कोशिंबीर

पहिल्यांदा बोललं ते त्याच्या पायाचं बोट.
उजवा अंगठा, रात्री दोन वाजता.
"निबिया, चादर काढ," विल्मार म्हणाला, "फार जड आहे."
सुती चादर ती, आमच्या लग्नातली.
धुऊन धुऊन इतकी विरलेली
की तिच्यातून पलीकडचा दिवा दिसतो.

डॉक्टरीण तरुण होती, साल्तोहून आलेली.
तिनं रक्ताचा कागद पाहिला, मग त्याचे हात पाहिले
आणि विचारलं, मांस किती वेळा खाता?
विल्मारला प्रश्नच कळेना.
श्वास किती वेळा घेता, असं कुणी विचारावं
तसा तो माझ्याकडे बघत राहिला.

एकोणतीस वर्षं त्यानं मांसाच्या कारखान्यात काढली,
थंड खोलीत, पांढऱ्या गमबुटांत.
तासाला किती जनावरं, हे त्याला अजून पाठ आहे.
तो सांगत नाही. मीही विचारत नाही.
पण रविवारी अंगणातला जाळ त्याचाच.
काटेरी रानझाडाची लाकडं, लोखंडी जाळी,
बरगड्यांचा पट्टा, आणि धुराच्या वासानं
पायसांदूतली आमची अख्खी गल्ली फाटकाशी.

टेबलाच्या कडेला माझी कोशिंबीर.
टोमॅटो, कांदा, लेट्यूस.
चाळीस वर्षं मी ती केली,
चाळीस वर्षं ती उरली.
फोटोत बरी दिसते म्हणून ठेवायची.

पहिल्या बिनमांसाच्या रविवारी
त्यानं जाळीवर अर्धा भोपळा पालथा घातला,
रताळी निखाऱ्यांत पुरली,
वांग्यांना मीठ चोळलं, जसं बरगड्यांना चोळायचा,
तितक्याच गंभीरपणे.
समोरचा खाटीक एल्बिओ कुंपणापाशी आला.
टोपी काढली.
हळूच विचारलं, "कोण गेलं?"

तिसऱ्या आठवड्यात, मध्यरात्री,
फ्रिजच्या उजेडात मी त्याला सलामीसकट पकडला.
दोघंही काही बोललो नाही.
दोन दिवसांनी अंगठा बोलला.

मसूर मला येत होता, पण चोरिझोशिवाय नाही.
लसूण, तमालपत्र, भरपूर गाजर घालून रटरटू दिला.
विल्मारनं एक चमचा घेतला. दुसरा घेतला.
"याला स्वतःची चव आहे," तो म्हणाला,
शेजारी इतकी वर्षं राहणाऱ्या माणसाचं नाव
आज कळावं तशा सुरात.

मग हळूहळू.
पट्ट्याला आतल्या बाजूनं नवं भोक,
कारखान्यातल्या त्याच सुरीच्या टोकानं पाडलेलं.
रक्तदाबाची गोळी अर्धी.
घोरणं कमी झालं, तर मला पहाटे
नदीवरून जाणारी मालाची बोट ऐकू येऊ लागली.
ती आधीही जात असणार.

मी? मी महिन्यातून एकदा बहिणीकडे जाते.
तिथं काय खाते ते तिलाच माहीत.

नातवानं परवा विचारलं,
"आजोबा, तुम्ही आता गाईंचे मित्र झालात?"
"छे रे. गाय मला ओळखतसुद्धा नाही."
तो बराच वेळ रस्त्यापलीकडच्या कुरणाकडे बघत राहिला.
"पण पूर्वी ती दिसली की
मी नजरेनंच तिचे भाग पाडायचो.
इथून मान, इथून पाठ, इथून मांडी.
आता ती अख्खी दिसते."

काल रविवार होता.
एल्बिओ आला, स्वतःचं मांस स्वतः घेऊन,
जाळीचा डावा कोपरा त्याला दिलेला आहे.
भोपळ्याची करपलेली कड मात्र
कुणी बघत नाहीसं पाहून त्यानंच उचलली.
रात्री गारठा पडला.
विल्मारनं चादर स्वतःच पायांवर ओढली,
वर लोकरीचं पांघरूणही घेतलं,
आणि झोपला.

मी स्वयंपाकघरात आले, भूक लागली होती.
कोशिंबिरीचं भांडं उघडलं.
तळाशी थोडं व्हिनेगर, कांद्याची एक चकती.
मेल्यांनी सगळी संपवली होती.