छाट

मे महिन्यात, सोलापुरात,
छपराचा पत्रा तापून तडतडायला लागतो तेव्हा
माझी शिरीषा चादर पांघरून बसायची.
म्हटलं, या उन्हात थंडी कुणाला वाजते गं?
म्हणाली, मला.
तेव्हा तरी कळायला हवं होतं.

त्याआधी आम्ही सगळ्यांनी कौतुकच केलं होतं.
आधी गुरुवार धरला, मग शनिवार,
मग नुसतंच, वार न बघता.
नणंद म्हणाली, बारीक झाली, छान दिसते, आता स्थळं येतील.
मीही हसले.
ते हसणं माझं मला अजून ऐकू येतं.

फणीत केसांचा पुंजका. पाळी बंद.
आणि गल्लीतलं कुत्रं मात्र गुटगुटीत झालेलं
आमच्या भाकरीवर.
दृष्ट काढली. दर्ग्यातला दोरा बांधला.
एकदा थोबाडीतही दिली.
मग कॉलेजच्या जिन्यात पडली.
सिव्हिलमधल्या नर्सनं नाडी धरली,
सोडली,
पुन्हा धरली.

डॉक्टर निंबर्गीबाई म्हणाल्या, हा आजार आहे.
नखरा नाही, हट्ट नाही.
तिची चूक नाही, तुमचीही नाही.
मला आजार म्हणजे ताप, खोकला, कावीळ.
तीस वर्षं बिडी वळते मी, अशोक चौकाच्या मागं.
हजार बिड्या, पंचवीसचा कट्टा, असे चाळीस.
ब्रांचमध्ये चेकर कट्टा सोडतो, बोटांनी चाचपतो,
ही ढिली, ही जाड, ही वाकडी.
छाट.
माझ्यासमोर मोडून टाकतो, तेवढी मजुरी गेली.
मी विचारलं, म्हणजे बाई,
हिच्या आत एक चेकर बसलाय का?
दिवसभर हिलाच छाट काढणारा?
बाईंनी ते कागदावर लिहून घेतलं.
माझं वाक्य.

औषध काय, तर वरण. केळं. दूध. भाकरी.
पण उपाशी पोटाला एकदम घातलं तर जिवावर बेततं,
म्हणून आधी वॉर्डात, थोडं थोडं, रोज रक्त तपासून.
मग घरी, सहा वेळा.
ताटाशी बसायचं. भांडायचं नाही, रडायचं नाही.
जेवल्यावर तासभर सोबत.
मंगळवारी वजन, काट्याकडे पाठ करून.
शुक्रवारी समुपदेशनाला, तिची ती एकटी आत,
काय बोलते ते मी विचारत नाही.
आणि 'दिसतेस' हा शब्द घरात बंद,
नणंदेलासुद्धा.

तिचे वडील टॉवेलच्या मागावर.
दुपारची सुट्टी अर्धा तास.
सायकल हाणत येतात, तिच्यासमोर बसतात,
कानात मागाचा खडखडाट अजून चालूच.
तिचा घास, यांचा घास.
कधी कधी यांची भाकरी संपते
आणि तिचा पहिला तुकडा हातातच.
तरी उठत नाहीत. मालक खाडा धरतो, धरू दे.

श्रावणात तिनं वाटी भिंतीवर मारली.
वरणाचा डाग आहे अजून.
ओरडत होता तो चेकर होता, माझी पोर नव्हती,
हे ओळखायला मला चार महिने लागले.
अजूनही चुकते. परवाच चुकले.

डॉक्टरबाई म्हणतात, वेळ लागेल.
वर्ष, दोन वर्षं, मधे पुन्हा घसरेलही.
मी म्हटलं, बाई, मोजायचं मला शिकवू नका.

काल शेंगाची चटणी कुटली.
तिनं कडक भाकरी मोडली,
मोडताना आवाज होतो ना, तो झाला.
चावली. थांबली.
माझा श्वास तिथंच.
म्हणाली, अम्मा, मीठ विसरलीस.

दोन वर्षांत हिनं चवीचं काही काढलं नव्हतं.
मी मिठाला उठले ती अशी उठले
की मांडीवरचं सूप उलटं,
तंबाखू सगळी फरशीवर,
आणि ती शिंकायला लागली, मीही.

आज कट्टे कमी भरले.
जाऊ दे.