हात आखडता

हडर्सफील्डच्या या शाळेत मी शिकवत नाही.
ट्रॉली भरते, काचनळ्या धुते,
शिक्षक मागतील ते तासाआधी मांडून ठेवते.
मुलं मिसेस के म्हणतात,
'कणसे' त्यांच्या दातांत अडकतं.

आज नववीला फिरतं स्टूल हवं होतं
आणि दोन-दोन किलोची डंबेल्स.
बेअरिंगला तेल मीच घातलं.
चार वाजता बाहेर काळोख,
आत रेडिएटरची टकटक
आणि बादली घेऊन आलेली ग्लेनिस.
"तू बसलीस का गं कधी यावर?"

बसले.
दोन्ही हात लांब, दोन्हीकडे वजनं,
कावड घेतल्यासारखी.
तिनं पाठीला एक हलका धक्का दिला
आणि फडकं पिळायला लागली.

सावकाश.
सिंक गेलं, दार गेलं, मूलद्रव्यांचा तक्ता गेला,
पुन्हा सिंक.
मग वजनं छातीशी ओढली
आणि खोलीच सुटली की!
सिंकदारतक्तासिंकदार,
ग्लेनिसचा निळा झगा नुसता एक पट्टा.

ओढताना दंड भरून आले.
वजनांना बाहेर जायचं होतं, मी जाऊ दिलं नाही.
वेग आला तो त्या झटापटीतून,
फुकट नाही.

कराडला सुमनाक्कांच्या अंगणात
मी आणि रंजी फुगडी घालायचो.
पाय जुळले की फुगडी पेटायची,
फाकले की विझायची,
एवढं ठाऊक होतं.
का, ते कुणी विचारलं नाही,
आम्हाला दम कुठे होता विचारायला.

हात आखडता घ्यायला मात्र इथे शिकले.
गॅसच्या मीटरमध्ये मोजून नाणी,
एकच खोली तापवायची,
गावाला फोन रविवारी, दहा मिनिटं.
कणसेबाई चिकट, लोक म्हणाले.
किती भराभर फिरत होते मी तेवढ्याशा जागेत,
ते कुणाला दिसलं नाही.
मलाही नाही. डोळ्यांपुढे सगळ्याचा पट्टाच होता.

पसरा नाहीतर आवरा, बेरीज तीच.
अंतर कमी झालं की वेग भरून काढतो,
वेग घटला की अंतराच्या खात्यात जमा.
स्टुलावर बसल्या बसल्या
कितीही आटापिटा केला
तरी स्वतःच्या पदरात
कणभर जास्त फिरणं घालता येत नाही.

त्याला बाहेरचा हात लागतो.

हात पुन्हा पसरले.
सिंक.
दार.
तक्ता, त्यातलं सोनंसुद्धा वाचता येईल इतका हळू.
बेअरिंग थोडं थोडं खात होतंच,
तेल घालूनही.
स्टूल थांबलं ते ग्लेनिसकडे तोंड करून.

"बरी आहेस ना, लव्ह?"
इथे सगळ्यांनाच म्हणतात तसं.

"हो," म्हटलं.
"अजून एकदा ढकल."