एक पुर्जा नवा केला की

ट्रक बुटाच्या खोक्यात मावतो.
खऱ्याच्या चोवीस पट लहान. घेतला तेव्हा साडेअकरा हजार,
आणि मी दुकानदाराला म्हणालो, झालं, आता आणखी काही नको.
तो हसला.
मला वाटलं, गिऱ्हाईक हातचं गेलं म्हणून हसला.

बावीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे मी.
मला तरी माहीत असायला हवं होतं,
मागावर एक पुर्जा नवा केला
की शेजारचा एकदम म्हातारा दिसायला लागतो.

आधी फक्त बेअरिंगं. नऊशे.
एक सुईवर धरून टिचकी मारली,
चहा निवेपर्यंत फिरत राहिलं.
मग चढावर तोंड वर करतो म्हणून पुढच्या चाकांना पितळ,
पेराएवढे दोन तुकडे, चौदाशे.
मधल्या मारुतीपाशी एवढ्यात परात आली असती.
पितळ आलं तसा स्टिअरिंगचा सर्वो कण्हायला लागला,
तिसऱ्या पंगतीतल्या वाढप्यासारखा.
नवा सर्वो बावीसशे.
नव्या सर्वोला जुनी बॅटरी पुरेना.
नव्या बॅटरीनं मोटर तापली.
नव्या मोटरनं मागचा दांडा पिळून टाकला
ओल्या टॉवेलासारखा.
पोलादी दांडे, दोन नग, कुरिअर वेगळं.

अनसूया दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळते.
ती रुपयांत मोजत नाही.
सर्वो म्हणजे तिच्या हिशेबात दहा हजार विड्या.
मोटर सतरा.
एवढं बोलून पुढचं पान कातरते.
रागावली असती तर मला वाद तरी घालता आला असता.
चार आण्याची कोंबडी, हे तिनं एकदाही उच्चारलं नाही.
मसाल्याचा वास घरभर होताच.
पावत्या मी शेंगाचटणीच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या,
आकडे तेलकट लाल झाले,
वाचायचे तर अजून वाचता येतात.

रविवारी सहाला, ऊन चढायच्या आत,
इरण्णा आणि मी कुंभारीच्या पुढच्या जुन्या खाणीत जातो.
तिथं एक काळा दगड आहे, म्हशीच्या पाठीसारखा.
पहिल्या आठवड्यात ट्रक त्यावरून घसरला, उलटला,
चाकं वर करून किडा होऊन पडला,
आम्ही दोन टकले पोट धरून हसलो.
आता तो चढतो.
सावकाश, एकही चाक न सुटता,
सही-शिक्क्याचा कागद टेबलामागून टेबल सरकावा तसा.
वर पोचतो.
इरण्णा म्हणतो, "चढला की."
मी म्हणतो, "होय."
मग आम्ही थर्मास उघडतो.

दिवाळीच्या आवराआवरीत पलंगाखाली दुसरं खोकं सापडलं,
काढून ठेवलेल्या जुन्या भागांचं.
फरशीवर मांडून बघितलं.
मोटर, सर्वो, बॅटरी, चारी टायर,
पिळलेला दांडा (गरम पाण्यात घालून सरळ केला).
अख्खा ट्रक तिथंच पडून होता,
मी घेतला होता तो.
नव्हती फक्त चौकट आणि रिमोट. दोन्ही मिळून सोळाशे.
हो, घेतलं.
ही पावती मात्र डब्यात टाकली नाही, तिच्या हातात दिली.
"सात हजार," अनसूया म्हणाली.
आणि दोन विड्या बांधून झाल्यावर,
"सव्वासात."

तो ट्रक आता समोरच्या कुलूपवाल्यांच्या तय्यबाकडे आहे.
नववीत आहे ती.
गेल्या रविवारी खाणीत आली,
म्हशीच्या पाठीवरून तीनदा गडगडत खाली आणला तिनं,
प्लॅस्टिकचा, हलका, दरवेळी टप्पा खाऊन उभा राहणारा.
इरण्णा हसता हसता खाली बसला, कितीतरी महिन्यांनी.
ती गुडघे झाडत माझ्यापाशी आली,
"काका, ह्याच्यात आधी काय बदलू?"

जिभेवर होतं, फक्त बेअरिंगं, नऊशे.
माझा ट्रक माझ्या हातात होता, पितळेनं जड,
कुठंही न खरचटलेला.
मी थर्मासचं झाकण तिच्यापुढं केलं,
म्हटलं, आधी चहा पी.