नखावरची शाई

निकाल लागून आज अकरावा दिवस.
बसस्टँडसमोरची पोलीस गाडी काल रात्री गेली.
तिच्याखाली झोपणारं कुत्रं
अजून त्याच चौकोनात झोपतंय,
डोक्यावर ऊन आलं तरी.

माझं दुकान दोन खुर्च्यांचं.
खानापुरात आता एसीची सलून झालीत,
पण मतमोजणीच्या आदल्या रात्रीपर्यंत
अख्खी विधानसभा इथंच भरायची.
बाकावर पेपर दोन, एक मराठी एक कानडी,
पानं एकमेकांत घुसलेली.
कात्रीपेक्षा तोंडं जास्त चालायची.

आता कात्री ऐकू येते.

येतात. बसतात.
"बारीक कर."
"सण्ण माड्री."
संपलं बोलणं.
केस काय, सगळ्यांचे एकाच सुपलीत जातात की,
असं मी एकदा बोलून बघितलं.
कुणी हसलं नाही.

सहाशे बारा मतं.
हरलेले तो आकडा जिभेवर घोळवतात
दातात अडकलेल्या सुपारीसारखा:
लोंढ्याला ती बस पंक्चर झाली नसती तर,
गुंडूच्या घरची सात मतं पुण्याहून आली असती तर.
किराणा दुकानात बिल सहाशे बारा झालं
तर दुकानदारच म्हणतो, दहा द्या, दोन राहू देत.

जिंकलेल्यांच्या कानामागून
अजून गुलाल निघतो.
पहिले दोन दिवस मिरवला.
आता हळूच सांगतात, नीट धू रे,
उद्या सासुरवाडीला जायचंय.
सासुरवाडी म्हणजे नदीपलीकडची गल्ली,
जिथं त्या दिवशी चूल पेटली नव्हती.

आज सकाळी मोनाप्पा देसूरकर आला.
त्याच्यामागून, बघून न बघितल्यासारखं करत,
चनबसप्पा तोरगल.
दोघांची कौलांची भट्टी एक, तीस वर्षांची,
आणि खोडही तीस वर्षांची:
मोनाप्पा कानडीत बोलणार,
चनबसप्पा मराठीत उत्तर देणार,
शिव्या मात्र ज्याच्या त्याला आपल्या.
आज दोघंही माझ्याशी बोलले,
आपापल्या भाषेत, नीट, पाहुण्यासारखे.

मी दोघांना गळ्यापर्यंत पांढरं गुंडाळलं.
आरशात नुसती दोन डोकी.
मग चनबसप्पानं कान खाजवायला हात बाहेर काढला.
बोटावर शाई.
नखाच्या मुळाशी लावलेली,
आता तिच्याखाली नवं नख दिसतंय,
तांदळाच्या कणीएवढं.
मोनाप्पा आरशातून ते बघत होता.
त्याचाही हात चादरीखाली हलला,
पण बाहेर आला नाही.

"त्याला विचार," मोनाप्पा मला म्हणाला,
"चावी कुणाकडं हाय."
मी विचारलं,
जसा काय तो धारवाडला होता आणि मी फोनवर.
चनबसप्पानं चादरीखालूनच खिसा चाचपला,
चावी काढून कट्ट्यावर ठेवली,
ब्लेडची पुडी आणि पावडरच्या मध्ये.
मोनाप्पानं ती उचलली नाही.
दाढी झाली, पैसे दिले, गेला.
मग दुसरा गेला.
उलट्या दिशेनं नाही, रस्ता एकच आहे,
मध्ये वीस पावलं ठेवून.

माझ्या बोटावरची शाई चौथ्या दिवशीच गेली.
दिवसभर हात साबणात, डेटॉलात,
म्हणून मला कुणी विचारत नाही
तू कुणाला दिलंस.
मी पण सांगत नाही.
वस्तरा हातात असताना
माणसानं मत सांगू नये,
आमचे वडील म्हणायचे.

संध्याकाळी दुकान झाडताना
चावी दोनदा उचलली, दोनदा ठेवली.
मिरगाआधी शेवटचा घाणा भाजला नाही
तर कच्ची कौलं विरघळून चिखल होतील.
हे त्याला माहीत आहे.
त्यालाही माहीत आहे.

शटर अर्धं खाली ओढून
मी लाईट चालूच ठेवली.
साडेनऊ झाले.
बाहेर कुणीतरी चप्पल घासत थांबलं,
का कुत्रंच होतं.