दोन खेकडे उजेड

आमच्या वाट्याला दहा मिनिटं येतात.
उपग्रह झुडपी रानावरून वर चढतो,
समुद्रावर जाऊन बुडतो,
आणि तेवढ्यात त्याच्या पोटातलं सगळं
आमच्या तबकडीने काढून घ्यायचं असतं.
म्हणून न्गोमेनीत कॉफी आधीच पिऊन घ्यायची.

मी सिदी. रात्रपाळी.
तारे मला फारसे कळत नाहीत.
कळतात वायरी, गंजणारे नटबोल्ट,
खाऱ्या वाऱ्याचा स्वभाव.

त्या रात्री फाईल उतरली
आणि अर्ध्या तासाने इटलीतून ओर्नेलाचा फोन:
"वृश्चिकाच्या शेपटीजवळ कोणीतरी पेटलंय."
जिथे काल कोरं होतं.
तिने जुन्या याद्या उपसल्या,
सापडलं एक नाव. नाव कसलं, नुसता पत्ता,
आकाशातले अंश आणि कला,
पुढे शेरा: एकदाच दिसला.
ते साल माझ्या जन्माचं.

"किती तेजस्वी?"
"दोन खेकडे."

थट्टा नाही. त्या धंद्यात
खेकडा नावाच्या तेजोमेघाचा उजेड
वजन म्हणून पारड्यात टाकतात.
अर्धा खेकडा. पाव खेकडा. खेकड्याचा हजारावा भाग.
हे ऐकून आई इतकी हसली
की तिच्या हातातली झावळीची दोरी सुटली
आणि न मोजलेला एक जण
तिरका तिरका पाटाखाली गेला.

"म्हणजे तेहतीस वर्षं तो मेला होता?"
नाही गं.
एक कृष्णविवर आहे. त्याच्या कह्यात एक बारकुडा तारा.
ताऱ्याचा वायू ओघळतो, पण सरळ आत पडत नाही,
फिरत राहतो,
भोवती तबकडी साचते,
थेंबे थेंबे, थंड, मुकी.
मग कधीतरी ती तापते.
तापली की धरवत नाही तिला,
वर्षांचं साठवलेलं काही आठवड्यांत आत लोटते,
आणि शेवटच्या घेऱ्यांत इतकी लखलखते
की तो उजेड डोळ्यांच्या कामाचा राहत नाही.

आईने टोपलीवर पाणी मारलं.
"खारफुटीत बीळ गप्पच असतं," ती म्हणाली,
"पण तोंडाशी चिखल ताजा असला
तर आत कोणीतरी आहे.
मी तिथे काडी रोवते नि पुढे जाते."

बाबा नऊ वर्षांचे होते
तेव्हा इथल्याच समुद्रातल्या मचाणावरून
क्ष-किरण शोधायला पहिला उपग्रह गेला.
दिवस स्वातंत्र्याचा, म्हणून त्याचं नावही उहुरू.
बाबांना आठवतो फक्त आवाज
आणि पळालेले मासे.
दोन दिवस जाळी रिकामी, एवढंच.

पाळी संपण्याआधी मी बाहेर आले.
कुसी वारा, वाळूवर कुत्र्यांची भांडणं.
वृश्चिक सापडला.
शेपटीजवळ काळोख होता, साधा, रोजचा.
हजारो वर्षं चालत आलेले किरण
माझ्या डोक्यावर, अगदी वरच्या हवेत
येऊन संपत होते.
तिथे अडतात म्हणून आपण आहोत.
तिथे अडतात म्हणून मला काही दिसत नव्हतं.
तरी मान दुखेपर्यंत उभी राहिले.

मग रोज आकडे.
दोन. पावणेदोन. सव्वा. एक.
चाळिसाव्या रात्री अर्धा,
मध्येच तीन रात्री पुन्हा थोडा वर आला,
का ते ओर्नेलालाही सांगता येईना.
ती चिडलीसुद्धा, मला वाटतं, माझ्यावरच.
नंतर पाव. नंतर शंका.
नंतर मागच्या खरखरीतून
त्याला वेगळा काढता येईना,
आणि दुर्बीण दुसऱ्या कोणाकडे वळली.

नोंदवहीत शेवटच्या रकान्यात
"संपला" लिहायची पद्धत आहे.
मी पेन टेकवलं
आणि एक उभी रेघ ओढली, काडीएवढी.
सकाळच्या पाळीचा कारिसा विचारील, हे काय.
तेव्हा बघू.
रानावरून उपग्रह वर येत होता,
दहातलं अर्धं मिनिट गेलंही होतं.