विंगेतला माणूस

जत्रेच्या नाटकाला मी प्रॉम्प्टर असतो.
बारा वर्षं. विंगेत, स्टुलावर,
हातात बॅटरी, मांडीवर वही, पायांना डास.
आवाज पहिल्या रांगेला ऐकू जाऊ नये
आणि अडलेल्या पात्राला जावा,
एवढीच कला.

यंदा नायिका तू होतीस.
नायक दत्तप्रसाद, सोसायटीतला कॅशियर,
ज्याला तालमीत एकदाही वही लागली नाही
आणि जो तुझा चहा
बशीत ओतून, फुंकून द्यायचा.
दोनदा. मी मोजलंय.

दुसऱ्या अंकात त्याचा हात हातात घेऊन
तू थांबलीस.
वाक्य माझ्या अंगठ्याखाली होतं:
"तुम्ही नसता तेव्हा हे घर मला ओळखत नाही."
तू विंगेकडे पाहिलंस.
मी दिलं नाही.

एक. दोन. तीन.
पेटीवाल्यानं उगाच एक सूर धरून ठेवला.
मग दत्तप्रसादनंच काहीतरी जोडून घेतलं
आणि मंडपात टाळ्या पडल्या,
त्याला.

माशेलहून येताना कुंभारजुव्याच्या पुलावर
स्कूटरवर तू मागे, मधे तुझी पर्स.
स्टेजवरचं प्रेम शुद्ध मराठीत होतं,
आपलं भांडण कोकणीत,
म्हणून जास्त लागलं.
"तुका तें दिसतालें," तू म्हणालीस. एवढंच.
मी म्हटलं, पान चिकटलं होतं.
त्या वहीची पानं चिकटत नाहीत, हे तुला ठाऊक.
तिला दरवर्षी कव्हर तूच घालतेस.

चार दिवस पोदेराचा भोंगा वाजला की
आपण दोघं वेगवेगळे बाहेर गेलो.
घरात पाव दुप्पट झाले,
कुणी काही बोललं नाही.

शुक्रवारी डिकीत खाज्यांचा पुडा सापडला,
नाटकाआधी तुझ्यासाठी घेतलेला.
गूळ पाझरलेला, कागदाला आल्याचा वास.
तू पाठमोरी, आदोळीवर तिसऱ्या फोडत होतीस.
पुडा शेजारी ठेवून मी म्हणालो,
दत्तप्रसाद माझ्यापेक्षा बरा दिसतो.
"दिसतो."
त्याला चहा गार करून देता येतो.
"येतो."
शिंपले टोपात पडत राहिले.
"पण अडल्यावर मी त्याच्याकडे नाही पाहिलं."

मला खाली बसावं लागलं,
पाटावर, तुझ्याजवळ.
वाक्य माझ्याकडे चार दिवस पडून होतं.
मी पान चिकटलं नव्हतं म्हणालो,
तू मान हलवलीस, वर न बघता म्हणालीस,
"तुम्ही नसता तेव्हा..."
आणि थांबलीस.

एक. दोन.
"हे घर," मी हळूच पुटपुटलो.

"मोठ्यानं," तू म्हणालीस,
"इथं पहिली रांग नाही."