बोअरची वही

आगोंद, एप्रिलची अकरा.
गाडी तिरुचेंगोड्याची, माणूस सेल्वम्, वही माझी.
मी लिहितो ते एवढंच:
किती फूट, काय लागलं.

शून्य ते अकरा, चिरा.
तांबडी धूळ आवेलीन फेर्नांदिशच्या
वाळत घातलेल्या चादरींवर.
अकरा ते चोवीस, शेडी, पांढरी,
बोटांना साबणासारखी.
चोविसाव्या फुटाला आवाज बदलला.

आवाजासाठी वहीत रकाना नाही.
आधी कोणी ओलं लाकूड कापत होतं,
आता दातावर दात.
सेल्वम्‌ने विडी विझवली.
भोकातून राखाडी पीठ उडालं.
काळा फत्तर.

ताळगावच्या विद्यापीठातल्या कुंकळ्येकर बाईंनी
मला तो एकदा ओहोटीला दाखवला होता:
फिकट ग्रॅनाइटमधून सरळ गेलेली काळी पट्टी,
चार पावलं रुंद,
समुद्रात शिरते तिथे कालवांनी धरलेली.
ही फट, म्हणाल्या, जमीन ताणली गेली तेव्हाची.
मादागास्कर तोवर कधीच निघून गेलं होतं,
सेशेल्सची बांधाबांध चालली होती.
तिकडे घाटाच्या जागी घाट नव्हता,
लाव्हा थरावर थर चढत होता,
आणि इकडे किनाऱ्याला समांतर तडे जाऊन
खालचा रस वर निघाला,
बराचसा उजेडापर्यंत पोचलाच नाही,
वाटेतच थिजला.
सहा कोटींच्या वर वर्षं झाली, बाई म्हणाल्या,
आणि डबा उघडून अर्धी पोळी माझ्यापुढे केली.

त्या थिजलेल्या रसाच्या डोंगराकडच्या अंगाला
शाबी पागीची विहीर.
समुद्राकडच्या अंगाला आवेलीनची.
मध्ये चौदा हात.
डोंगरातलं पाणी खाली निघतं,
भिंतीशी अडतं, शाबीकडे तुंबतं.
तिच्या विहिरीतला कासव मेमध्येही बुडी मारतो.
इकडे मार्चमध्येच घागर तळाला लागून वाजते.

तीन पिढ्या यावर काय काय बोलल्या!
शाबीच्या आजेसासूने म्हणे रात्री नारळ पुरला,
आवेलीनच्या सासऱ्याने म्हणे खुरसाची शपथ मोडली.
लग्नाची बोलावणी थांबली, मग आजारपणातली पेज,
मग नुसतं बघणंही.
कुंपणाची निवडुंगं मात्र दोन्ही बाजूंनी छाटली जायची,
कोण केव्हा छाटतं, कोणी पाहिलं नाही.

काहीच जागेवर नाही, बाई असंही म्हणाल्या होत्या.
सगळा देशच वर्षाला तीन बोटं
ईशान्येकडे सरकतो आहे,
पुढे हिमालयाला रेटतो आहे.
मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला:
आवेलीन लग्न होऊन या घरात आली
त्याला एकेचाळीस वर्षं,
म्हणजे चुलीसकट, माडासकट, साडेचार हात.
शाबीही तेवढीच.
दोघींतले चौदा हात
चौदाच.

चोवीस ते त्र्याहत्तर, काळा फत्तर, कोरडा.
दोन बिट गेले.
सेल्वम् त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला,
सहा हात पूर्वेला घेतलं असतं तर.
सहा हात पूर्वेला शाबीचं न्हाणीघर आहे.

"उदक ना?" आवेलीनने विचारलं.
मला नाही म्हणायला जमेना,
मी पेनाचं टोपण शोधत राहिलो.
चादरी आता तांबड्यावर राखाडी झाल्या होत्या,
त्यांच्याकडे बघत ती उभी.

तेवढ्यात पलीकडे मोटर सुरू झाली.
निवडुंगावरून एक हिरवी नळी येऊन पडली,
सापासारखी वळवळली, पाणी ओकू लागली.
"चादरी आधी धू," शाबीचा आवाज,
माणूस दिसलं नाही.
"हे पीठ एकदा बसलं की जात नाही."

मी लिहिलं: त्र्याहत्तर फूट, पाणी नाही.
बिटांचे पैसे वेगळे.
सेल्वम्‌ने नळीखाली हात धरले,
राखाडी ओघळ कोपरापर्यंत गेला,
तिथे थोडा थांबला,
मग मातीत.